मॉडेल ए फोर्ड: फोटोतली बॉडी कोणती, आणि ती खरंच दुर्मीळ आहे का?

लहानगाडी

नमस्कार मंडळी. मी १:२४ मापाची गाड्यांची मॉडेलं करतो, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. यावेळी घोडं सुरुवातीलाच अडलंय. जुन्या अमेरिकन फोटोंचा एक गठ्ठा हाती लागला आणि त्यातली एक गाडी काही डोक्यातून जात नाहीये. फोर्ड मॉडेल ए आहे, म्हणजे मॉडेल टी बंद झाल्यावर आलेली, १९२८ ते ३१ ची. एवढं नक्की. पण बॉडी कोणती ते ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय प्लास्टिकला कात्री लावायची नाही असं मी ठरवलंय.

फोटोत माणसांचे चेहरे अगदी स्पष्ट आहेत, कुणाच्या तरी घरचा फोटो आहे, म्हणून तो इथे चढवत नाही. वर्णन देतो. गाडी डाव्या अंगाने आणि किंचित समोरून दिसते. दोन दारं. टप काळपट, कापडी वाटतो. टपाच्या मागच्या कोपऱ्यावर एस आकाराची लांबट धातूची कमान आहे, बग्गीच्या टपाला असते तशी. त्या कोपऱ्यात काच नाही. चाकं तारांची. ड्रायव्हरच्या बाजूचं दार अर्धं उघडं आहे, त्याची काच खाली केलेली, आणि एक बाई फूटबोर्डावर पाय ठेवून उभी आहे. नंबरप्लेटवर राज्याचं नाव पुसट झालंय, पण १९३० हा आकडा वाचता येतो.

माझ्या मते ही कॅब्रिओले. नेटवर एका ठिकाणी ‘मॉडेल ए कॅब्रिओले, अतिदुर्मीळ’ असं वाचलं आणि हुरूप आला. जाणकारांनी सांगावं: बॉडी कोणती, साल कोणतं, अशा किती बनल्या, आणि रंग कोणता द्यायचा?

उंटावरचा_शहाणा

कापडी टप, वर कमान, म्हणजे टप मागे पडणारच. १९३० ची कॅब्रिओले. धागा बंद करायला हरकत नाही. :)

पाना_नं_१३

कमान बघून कॅब्रिओले म्हणणाऱ्या लोकांसाठीच तर फोर्डने स्पोर्ट कूपे काढली होती!

सावकाश जाऊ. आधी साल. मॉडेल ए चे दोन ढोबळ गट पडतात, २८-२९ आणि ३०-३१. पहिल्या गटाला २१ इंची चाकं, दुसऱ्याला १९ इंची. फोटोवरून इंच कसे मोजणार म्हणाल, तर या सगळ्या मोटारींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर एकच आहे, १०३.५ इंच. चाकाचा व्यास त्या अंतराच्या किती पट भरतो ते काढा. गाडी किंचित तिरकी आहे म्हणता, त्यामुळे मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चाकांवरून काढून सरासरी घ्या. मॉडेल करणाऱ्याला हे मी काय शिकवणार.

पण नुसत्या चाकांवर विसंबू नका. १९ इंची चाकं जुन्या गाडीला सहज बसतात, आणि लोकांनी तेव्हाही बसवली होती. रेडिएटरची चौकट बघा. २८-२९ ची बुटकी आणि निकेलचा मुलामा दिलेली. ३०-३१ ची उंच, आणि ती स्टेनलेस स्टीलची. त्याहून पक्की खूण म्हणजे बॉनेट संपल्यापासून पुढच्या काचेपर्यंतचा भाग. या गाडीत तो नुसता पत्रा नाही, ती पेट्रोलची टाकीच आहे. बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर टाकी, तिथून पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरतं, पंप नाही. पेट्रोलचा काटासुद्धा डॅशबोर्डात थेट टाकीलाच बसवलेला. १९३० साठी हा सगळा भाग उंच आणि सलग केला, त्यामुळे रेडिएटरपासून काचेपर्यंत एक सरळ रेघ दिसते. २८-२९ मध्ये दाराच्या खांबापाशी पत्रा वळण घेऊन मागे येतो. चाकं बदलता येतात, मडगार्ड बदलता येतात, हे वळण कुणी उगाच बदलत बसत नाही.

आता टप. दोन दारं आणि कापडी किंवा कापडी दिसणारा टप, असे मुख्य उमेदवार चार:

रोडस्टर, ४०-ए. दाराला काचच नाही. पाऊस आला की बाजूने पडदे लावायचे. तुमच्या गाडीच्या दाराला काच आहे म्हणता, म्हणजे ही बाद.

कॅब्रिओले, ६८-ए. दाराला वरखाली होणारी काच आहे आणि टप खरोखर मागे पडतो. काच खाली केली की दाराच्या वर काही उरत नाही, दार कमरेपर्यंतच.

स्पोर्ट कूपे, ५०-ए. छप्पर कायमचं बसवलेलं, वरून फक्त कापडी आवरण. कमानी निव्वळ शोभेच्या. टप पडतच नाही! दार मात्र कूपेचं, म्हणजे काच खाली गेली तरी काचेभोवतीची पोलादी चौकट जागेवर उभी.

बिझनेस कूपे, ५४-ए. स्पोर्ट कूपेची साधी बहीण. कमानी नाहीत, मागे बसायच्या जागेऐवजी सामानाची डिकी.

तेव्हा कमानीवरून निकाल लागत नाही, ती दोघींना आहे. दाराकडे बघा. उघड्या दाराच्या वर चौकट दिसते का? नशिबाने तुमच्या फोटोत काच खाली आहे. काच वर असती तर आपण आठवडाभर भांडलो असतो.

लहानगाडी

पाना, दंडवत. बाईच्या टोपीमागे दाराच्या वरचा भाग झाकला जातोय. एक उभी रेघ दिसते, ती चौकट आहे की मागच्या घराचा खांब, ते कळत नाही. मोठ्या रिझोल्यूशनला पुन्हा स्कॅन करतो.

रेडिएटर बुटकाच वाटतो आणि दारापाशी वळण आहे. पण मग नंबरप्लेटवरच्या १९३० चं काय?

जुनीपानं

प्लेटवरचं साल फोटोचं, गाडीचं नव्हे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत तेव्हा दरवर्षी नवी प्लेट मिळायची आणि तिच्यावर साल छापलेलं असायचं. त्यावरून एवढंच कळतं की गाडी १९३० नंतर बनलेली नाही आणि फोटो साधारण त्याच वर्षीचा आहे. उलट दोन वर्षं वापरलेली गाडी असेल तर चाकं, दिवे, बंपर यांतलं काहीही मूळचं नसण्याची शक्यता धरूनच पुढे जा.

अजून एक सूचना, शोधताना नेहमी साल जोडून शोधा. फोर्डची ‘मॉडेल ए’ एक नाही, दोन आहेत. १९०३-०४ ची दोन सिलिंडरवालीही मॉडेल एच. ती सुमारे १,७५० बनली. आपली ही ४८ लाखांहून जास्त. यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले मी स्वतः वाचले आहेत, आणि मग ‘दुर्मीळ’ शब्दाला ऊत येतो.

निगेटिव्ह

रंगाबद्दल. फोटोतल्या करड्या छटेवरून रंग ठरवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. त्या काळी घरगुती कॅमेऱ्यात सर्रास ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असायची. तिला लाल दिसतच नाही. लाल वस्तू जवळजवळ काळी उमटते आणि निळी पांढरट. म्हणजे फोटोत फिकट दिसणारी गाडी प्रत्यक्षात चांगली निळी असू शकते, आणि ज्याला तुम्ही काळं म्हणताय ते तपकिरी किंवा तांबडं असू शकतं.

फिल्म कोणती होती ते ओळखायला माणसांचे ओठ बघा. ओठ अनैसर्गिक गडद आणि आभाळ पांढरंफटक असेल तर ऑर्थो. फोटोत झेंडा, फळं, असं काही ओळखीच्या रंगाचं असेल तर त्याच्याशी ताडून पाहता येतं. नसेल तर फोर्डच्या त्या वर्षीच्या रंगजोड्यांतून एक निवडा आणि मोकळे व्हा.

लहानगाडी

ओठ गडद आहेत, आभाळ कोरं आहे. म्हणजे ऑर्थो. अरेरे.

उंटावरचा_शहाणा

बरं, समजा स्पोर्ट कूपे निघाली, तरी शंभर वर्षांपूर्वीची गाडी आहे राव. दुर्मीळ नसेल का?

आकडेमोड

उंटराव, तुमच्या या प्रश्नात तीन प्रश्न एकात एक अडकलेत. सोडवून बघू.

पहिला, किती बनल्या? मॉडेल ए च्या बाबतीत बॉडीनुसार आणि सालानुसार कोष्टकं उपलब्ध आहेत, ही चांगली गोष्ट. १९२९ पुरतं बोलायचं तर ट्युडर, म्हणजे दोन दारांची सेडान, पाच लाखांवर. स्पोर्ट कूपे १ लाख ३४ हजारांच्या आसपास. कॅब्रिओले १६ हजारांच्या वर थोड्या. म्हणजे एका कॅब्रिओलेमागे आठ स्पोर्ट कूपे. दुसरा काहीही पुरावा नसेल तर कमानवाली गाडी बघून आधी स्पोर्ट कूपे म्हणावं, ते या आठास एकमुळे. ‘अतिदुर्मीळ’ हे विशेषण कॅब्रिओलेलाही जड होतं खरं तर. १६ हजार गाड्या म्हणजे किती! मर्सिडीज ३०० एसएलच्या वर उघडणाऱ्या दारांच्या कूपे सगळ्या मिळून १,४०० आणि रोडस्टर १,८५८ बनल्या, आणि त्यांनाही लोक नुसतं दुर्मीळ म्हणून थांबतात.

मॉडेल ए मध्ये खरोखर कमी बनलेल्या बॉड्या आहेत. टाऊन कार, १४०-ए. ड्रायव्हर उघड्यावर, मालक बंद खोलीत. ती हजाराच्या आसपासच. डिलक्स पिकअप, ६६-ए, हिचा आकडा २९३ सांगतात. हिच्या मागच्या हौद्याचा पत्रा केबिनशी सलग आहे आणि वर चमकत्या दांड्या. बऱ्याचशा जनरल इलेक्ट्रिकने फ्रिजच्या जाहिरातीसाठी घेतल्या. दोन दारांची डिलक्स फेटन (फेटन म्हणजे मागेपुढे सीट असलेली उघडी गाडी), १८०-ए, सहा हजारांच्या आसपास. चार खिडक्यांच्या चौकटी जागेवर ठेवून मधला टप मागे सरकणारी कन्व्हर्टिबल सेडान, ४००-ए, १९३१ ची, पाच हजारांच्या आत. व्हिक्टोरिया सगळ्यांना आवडते म्हणून दुर्मीळ वाटते, पण ती चाळीस हजारांच्या घरात गेली.

दुसरा प्रश्न, किती उरल्या? याचं कोष्टक कुणाकडेही नाही. आणि बनलेल्यांच्या प्रमाणात उरलेल्या असतात हे गृहीत धरणं साफ चूक. उघड्या टपाच्या गाड्या लोकांनी हौसेने ठेवल्या. बंद सेडान मात्र मंदीच्या काळात शेवटच्या थेंबापर्यंत वापरल्या, मागचा भाग कापून मालवाहू केल्या, भंगारात घातल्या. नंतर हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्या कापून वेगवान करणाऱ्यांनी, हात मारला. त्यामुळे लाखोंनी बनलेली एखादी सेडान मूळ अवस्थेत मिळणं रोडस्टर मिळण्यापेक्षा अवघड होऊ शकतं.

तिसरा प्रश्न, किती जणांना हवी आहे? लोक ‘दुर्मीळ’ म्हणतात तेव्हा नव्वद टक्के वेळा यालाच म्हणतात.

पाना_नं_१३

आकडेमोड, मूळ अवस्थेतली सेडान अवघड, हे मान्य. पण रोडस्टर ‘उरल्या’ म्हणताना जरा जपून. ओहायोतली ब्रुकव्हिल रोडस्टर नावाची कंपनी मॉडेल ए रोडस्टरची अख्खी बॉडी नव्या पत्र्यात करून देते. खाली १९२९ ची चासी, तेव्हाचंच इंजिन, आणि वरची बॉडी काल-परवाची. कागदावर ती १९२९ ची रोडस्टर. मोजणार कशात? १९७९ पासून काही वर्षं शे नावाची फायबरग्लासची नक्कलही विकली जात होती, खाली फोर्ड पिंटोची यंत्रणा. ती जवळ गेल्यावर लगेच कळते. ब्रुकव्हिलची नुसती बघून कळत नाही.

माझ्या दृष्टीने ‘किती उरल्या’पेक्षा ‘किती कापल्या गेल्या नाहीत’ हा प्रश्न मोठा.

आकडेमोड

तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलात. :) पण ब्रुकव्हिलचा मुद्दा सोळा आणे. नोंदणीच्या आकड्यांवरून रोडस्टर मोजणारे लोक नव्या बॉड्याही मोजतात.

गुळगुळीत_टायर

मधेच विचारतो. एवढा घोळ कशाला? इंजिन नंबर बघायचा, फोर्डला विचारायचं, ते सांगतील ना कोणती बॉडी होती.

जुनीपानं

नाही सांगणार, कारण नंबरात ती माहितीच नाही. मॉडेल ए चा इंजिन नंबर हाच गाडीचा नंबर. इंजिनाच्या डाव्या बाजूला, पाणी आत जाण्याच्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो, आधी ‘ए’, मग आकडे, दोन्ही टोकांना ताऱ्यासारखी खूण. हाताने ठोकलेला, त्यामुळे आकडे थोडे वरखाली असतात. फारच सरळ रांगेत दिसले तर संशय घ्यावा. हाच नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर वरून ठोकलेला असतो, पण तो बॉडीखाली दडतो. बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे कित्येक मालकांनी आपला चासी नंबर आयुष्यात पाहिलेला नसतो.

त्या नंबरावरून इंजिन कधी तयार झालं एवढं कळतं. पहिलं इंजिन २० ऑक्टोबर १९२७ चं. इंजिन तयार होऊन शाखेतल्या जुळणी-कारखान्यात पोचणार, मग गाडी बनणार, त्यामुळे गाडीची तारीख त्यानंतरचीच. वर कूपे बसली की ट्युडर, याची नंबरवार नोंद नाही. बऱ्याच बॉड्या तर फोर्डच्या नव्हत्याच. ब्रिग्ज आणि मरे या दोन कंपन्या करून देत. फोरडोर सेडानमध्ये तर एकाच नावाखाली दोघांच्या बॉड्या आहेत, खिडक्यांचे कोपरे आणि मागचा पत्रा वेगळा. या बॉड्यांवर त्यांचा स्वतंत्र नंबर असतो, आणि त्याचा इंजिन नंबराशी काही संबंध नाही.

याउलट जॅग्वार एक्सके १२० घ्या. चासी नंबरच बोलतो. ६६ ने सुरू झाला तर उजव्या हाताचं स्टीअरिंग, ६७ तर डाव्या. तिसरा अंक शून्य म्हणजे उघडी दोन आसनी, ९ म्हणजे कायम छपराची कूपे, ७ म्हणजे अस्तर लावलेल्या घडीच्या टपाची. सहा प्रकार, सहा मालिका. मॉडेल ए वाल्याला हे सुख नाही. त्याने पत्रा, लाकूड आणि खिळे बघायचे. पुनर्बांधणी करणाऱ्यांचे दोन मोठे क्लब आहेत, एमएएफसीए आणि एमएआरसी. दोघांनी मिळून सुट्या भागांच्या बारीकसारीक बदलांची जी नियमावली केली आहे ती बघा. शिवाय फोर्ड विक्रेत्यांना पाठवायचं ते सर्व्हिस बुलेटिन. कोणता भाग कोणत्या महिन्यात बदलला हे त्यांतून सापडतं.

जाता जाता, वर दिलेली कोष्टकं अमेरिकेची आहेत. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या देशांना फोर्डचा माल कॅनडातून जायचा, त्या इंजिनांच्या नंबराआधी ‘सीए’ असतं. ब्रिटनची गोष्ट आणखी वेगळी. तिथे कर सिलिंडरच्या व्यासावर, आणि या इंजिनाची गणना २४ हॉर्सपॉवरची, म्हणून त्यांनी लहान व्यासाचं इंजिन घालून ‘एएफ’ काढली. ऑस्ट्रेलियात जिलाँगला बॉड्या तिथल्या तिथे बनत. सोव्हिएत युनियनमध्ये परवान्यावर गाझ-ए बनली, १९३२ ते ३६, सुमारे ४२ हजार, त्यातली नेहमीची बॉडी म्हणजे फेटन. तेव्हा ‘जगात किती’ असं कुणी एका आकड्यात सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या जगात?

उंटावरचा_शहाणा

जाहिरातीत ‘अशा फक्त सातच बनल्या’ वगैरे लिहितात ते मग कुठून आणतात?

आकडेमोड

अटी वाढवत जाऊन. १९६७ पासूनच्या फोर्डांची गाडीगणिक नोंद टिकली आहे आणि मार्टी ऑटो वर्क्स त्यावरून अहवाल देतं. ही उत्तम सोय, पण तिचा एक दुष्परिणाम आहे. अमुक इंजिन, अमुक रंग, त्यात अमुक रंगाच्या सीट, त्यात रेडिओ, त्यात विक्रीचा अमुक विभाग, असं गाळत गेलं की कुठलीही मस्टँग एकुलती एक निघते. शेजारी उभी असलेलीही एकुलती एक. त्यामुळे ‘इतक्यांपैकी एक’ वाचलं की आकडा सोडा, आधी अटी मोजा. कंपनीने वेगळी वस्तू म्हणून विकली होती का, बॉडी वेगळी होती का, इंजिन वेगळं होतं का? नसेल तर तो योगायोग आहे, प्रकार नव्हे.

पाना_नं_१३

+१. आणि याची दुसरी बाजूही आहे. खरोखर वेगळ्या गाड्या कोष्टकात नसतात. फोर्ड नुसती चासी विकायचा, त्यावर बाहेरच्या कारागिरांनी शववाहिका केल्या, रुग्णवाहिका केल्या. त्या कोणत्या रकान्यात जाणार? आणि कंपनीने गाजावाजा न करता मधेच बदललेले भागही कोष्टकात येत नाहीत.

लहानगाडी

नवीन स्कॅन झाला. आता जपून लिहितो.

उभी रेघ घराच्या खांबाची नाही, ती दाराबरोबर तिरकी झाली आहे. वर आडवी पट्टीसुद्धा दिसते, बाईच्या टोपीच्या दोन्ही बाजूंनी. म्हणजे चौकट आहे. कॅब्रिओले गेली.

पण भलतंच काही दिसलं. दार उघडं असल्यामुळे ड्रायव्हरच्या पायांची जागा थोडी उघडी पडली आहे. तिथे डाव्या बाजूला, दाराच्या खांबालगत, एक उभा दांडा आहे. वरचं टोक माझ्या अंदाजाने सीटच्या कडेएवढं. आधी वाटलं छत्री असेल, पण खाली जाताना तो पुढे झुकलाय आणि वरच्या टोकाला मूठ आहे. हँडब्रेक मधे असतो ना या गाडीत?

पाना_नं_१३

अहो, हे आधी सांगायचं!

मधे असतो, पण सुरुवातीला नव्हता. पहिल्या गाड्यांना हँडब्रेक डावीकडे, दारालगत. तोच पायाच्या ब्रेकचे लायनर वापरायचा, आणि काही राज्यांचे कायदे दोन ब्रेक पूर्ण स्वतंत्र मागत. म्हणून फोर्डने त्याला स्वतःचे वेगळे ब्रेक दिले आणि १९२८ च्या मध्याच्या सुमारास दांडा गिअरच्या दांड्यापाशी नेला. डावा हँडब्रेक असेल तर गाडी १९२८ च्या पूर्वार्धातली. आणि तेव्हा कॅब्रिओले बाजारात आलीच नव्हती, ती १९२९ च्या गाड्यांबरोबरची. म्हणजे दाराच्या चौकटीने जे सांगितलं तेच दांड्यानेही सांगितलं. स्पोर्ट कूपे मात्र पहिल्या दिवसापासून होती.

लगेच ‘एआर’ म्हणून नाचू नका. अगदी पहिल्यावहिल्या गाड्यांना लोक ‘एआर’ म्हणतात, त्यांचा क्लचही वेगळा, अनेक चकत्यांचा. डावा दांडा त्यानंतरही काही महिने चालला.

निगेटिव्ह

आता मजा बघा. सुरुवातीच्या या गाड्यांना स्टीअरिंग लाल रबराचं होतं ना? फोटोत ते काळं दिसत असणार. ऑर्थो फिल्मवर लाल काळंच येणार.

लहानगाडी

काळंच आहे. मी काळं रंगवून मोकळा झालो असतो.

आकडेमोड

आणि दुर्मीळपणाचं म्हणाल, तर १९२८ ची स्पोर्ट कूपे कोष्टकात ७९ हजारांच्या आसपास आहे. त्यातल्या डाव्या हँडब्रेकच्या किती, हा रकानाच नाही. कंपनीच्या लेखी ती वेगळी गाडी नव्हती. त्यात पुढे कित्येकांनी दुरुस्तीत नवे भाग बसवले असणार. इथे मी ‘अटी वाढवू नका’ हा माझाच नियम लावून बघतोय, आणि तो पूर्ण लागू पडत नाही, कारण ब्रेकची यंत्रणा खरोखर वेगळी आहे. रंगासारखी हौसेची बाब नाही ती.

जुनीपानं

अवांतर: डग्लस फेअरबँक्सने मेरी पिकफोर्डला १९२७ च्या नाताळात मॉडेल ए भेट दिली होती, ती स्पोर्ट कूपेच. एवढ्या मोठ्या नटीला कायम छपराची, शोभेच्या कमानीची गाडी चालली, तर लहानगाडींनाही चालायला हरकत नाही.

लहानगाडी

चालेल काय, पळेल! कॅब्रिओले नाही याचं आता काही वाटत नाही. टप घडीचा करावा लागणार नाही, हा उलट फायदा.

फक्त एक राहिलं. मागे रंबल सीट (झाकण उघडून बसायची उघड्यावरची सीट) दाखवू की सामानाची डिकी? गाडी डावीकडून दिसते, मागचं झाकण फोटोत येतच नाही.

पाना_नं_१३

झाकणाची मूठ वरच्या कडेला असेल तर ते खाली बिजागरीवर पडून पाठ होते, म्हणजे रंबल सीट. मूठ खालच्या कडेला असेल तर डिकी. ते तुम्हाला दिसत नाही. चढायच्या दोन पायऱ्या असतात, एक बंपरपाशी आणि एक मडगार्डवर, पण त्या उजव्या बाजूला. तेही दिसत नाही. गठ्ठ्यात त्याच घराचा दुसरा एखादा फोटो आहे का बघा. प्लेटचा नंबर जुळवा. नसेल तर स्पोर्ट कूपे म्हणून रंबल सीट द्या, मी तरी तेच केलं असतं. आणि झाकण उघडं ठेवा, सीटला रंग द्यायला मजा येते.

लहानगाडी

त्याच प्लेटचे अजून फोटो आहेत का, ते आज गठ्ठा उलथून बघतो. एकात पोरं गाडीच्या मागे बसलेली अंधूक आठवतायत, पण ती हीच गाडी का, ते प्लेट बघितल्यावर लिहितो.